स्टुलाचा चौथा पाय

माणसाने एका वेळी एकच गोष्ट करावी, असं शहाणी माणसं सांगतात. शेडिंगसरांना ते अगदी मान्य होतं. अडचण एवढीच होती की त्यांच्याकडे गोष्टी तीन होत्या. सकाळी चहा निवेपर्यंत स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ते स्वतःची चित्रं काढायचे, दिवसभर शाळेत पोरांना चित्रकला शिकवायचे आणि संध्याकाळी कॉलेजात जाऊन कलेचा इतिहास शिकायचे. म्हणजे एकाच माणसात एक कलाकार, एक मास्तर आणि एक विद्यार्थी असे तिघे बिऱ्हाड करून राहत होते, आणि तिघांत मिळून पिशवी एकच होती.

शेडिंगसर हे नाव अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. वर्गात बाकांमधून फिरताना सर दर चार पावलांवर "शेडिंग, शेडिंग" असं पुटपुटायचे, म्हणून पोरांनी ते बहाल केलं आणि हळूहळू शिक्षकखोलीने, गल्लीने आणि दूधवाल्यानेही ते मान्य केलं. सरांचा शेडिंगनंतरचा दुसरा जीव स्टुलात अडकलेला होता. वर्गात मधोमध स्टूल ठेवायचं, त्यावर मडकं ठेवायचं आणि पोरांनी ते काढायचं. स्टुलाचा मागचा, चौथा पाय पोरं हटकून जमिनीच्या वर अधांतरी लटकवत, आणि सर हटकून त्याचे गुण कापत.

पिशवीने घातलेला पहिला घोळ असा. पोरांच्या वह्यांच्या गठ्ठ्यात एकदा सरांची सकाळची वही गेली. सरांनी लाल पेनाने सगळा गठ्ठा तपासला. संध्याकाळी कॉलेजच्या वर्गात वही उघडली, तर चित्राखाली शेरा: 'रेषेत आत्मविश्वास नाही. चौथा पाय अधांतरी. पुन्हा काढणे.' सरांचं तोंड एवढंसं झालं. शेजारी बसलेल्या मुलीला वही दाखवून ते म्हणाले, की बघ, लोक किती निर्दयपणे तपासतात. अक्षर आपलंच आहे हे लक्षात यायला त्यांना घरी येऊन चष्मा पुसावा लागला, आणि तरीही गुण वाढवून द्यावेत की नाही, यावर त्यांचा बराच वेळ गेला.

आता या वयात शिकायचं खूळ कशाला, असं कुणीही विचारेल, आणि विचारलंही. पण ते खूळ नव्हतं, ती हेडबाईंची नोटीस होती. वरच्या पदवीशिवाय चित्रकलेचे तास यापुढे मिळणार नाहीत, वर्षअखेर पदवी आणली नाही तर तास कॉम्प्युटरच्या सरांकडे जातील आणि शेडिंगसरांकडे सामानखोलीची किल्ली येईल. सामानखोलीत फुटके ग्लोब, मोडक्या खुर्च्या आणि एक हाडांचा सापळा होता. त्या सापळ्याच्या सोबतीने निवृत्तीपर्यंत बसायचं, या कल्पनेने सरांना रात्री दचकून जाग यायची. म्हणून ते कॉलेजात गेले.

तिथे कलेचा इतिहास शिकवायला एक तरुण मॅडम होत्या, आणि त्या मॅडम म्हणजे सरांचीच आठवीतली जुनी विद्यार्थिनी निघाल्या. आता इथे कुणी कुणाला उठून उभं राहायचं, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. मॅडम वर्गात आल्या की सर उभे राहत, सर उभे राहिले की सवयीने मॅडमही उभ्याच राहत, आणि मग बाकीचा वर्ग बिचारा दोघांकडे बघत ताटकळे. एकदा मॅडमनी फळ्यावर देवळाच्या कमानीची आकृती काढली, तेव्हा सर नकळत पुढे गेले, त्यांनी ती पुसून नीट काढून दिली आणि "घरी जाऊन सराव कर" असं म्हणून जागेवर येऊन बसले. दुसऱ्या दिवशी शाळेत आठवीच्या पोरांना त्यांनी मडक्याऐवजी तासभर भित्तिचित्रांच्या कालखंडांबद्दल सांगितलं. पोरांनी जांभया दिल्या तेव्हा सरांना मॅडमची फार दया आली.

प्रबंधासाठी मॅडमची अट होती. पुस्तकातलं उतरवून आणायचं नाही, आजवर कुणीही न अभ्यासलेलं एक चित्र शोधायचं आणि त्याच्यावर लिहायचं. असं चित्र कुठे मिळायचं, या विवंचनेत सर असताना घरी नळाचं पाणी वरच्या मजल्यावर चढेनासं झालं, आणि वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, त्यांना पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रार द्यायला पिटाळलं.

त्या कार्यालयाच्या जिन्यात, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, आग विझवायच्या वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या होत्या. त्यांच्या वर एक चित्र होतं. काचेवर एवढी धूळ, की आधी ते चित्र आहे की खिडकी, हेच कळेना. सरांनी रुमालाने जमेल तेवढी काच पुसली. कोळशाने काढलेली एक पाठमोरी बाई होती. गच्चीवर, उन्हात, स्टुलावर बसलेली. खांदे ताठ, वेणी एका बाजूला, एक पाय दुमडून घेतलेला, दुसऱ्या पायातली चप्पल अर्धी निसटलेली. सही असायची त्या कोपऱ्यात ओल येऊन कागद तपकिरी झाला होता.

सर जिन्यातच उभे राहिले. येणारे-जाणारे त्यांना धक्के देत होते. हे आपण कुठेतरी पाहिलंय, असं त्यांना एकसारखं वाटत होतं, पण थोर कलाकृतीसमोर माणसाला असंच वाटतं, हे मॅडमनी गेल्याच आठवड्यात शिकवलं होतं, त्यामुळे त्यांनी त्या वाटण्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. तक्रार खिशात तशीच राहिली. घरी आल्यावर वहिनींनी विचारलं, पाण्याचं काय झालं. सर म्हणाले, अप्रतिम आहे.

इथून पुढे सरांनी जे केलं ते इतिहासाचा विद्यार्थी म्हणून बरोबर आणि माणूस म्हणून घातक होतं. चित्राचा फोटो काढायला परवानगी हवी होती. हेडक्लार्क म्हणाले, अर्ज द्या, कारण लिहा. सरांनी अर्जात लिहिलं, की सदर चित्र एका अज्ञात, दिवंगत, थोर कलाकाराची दुर्मिळ कृती आहे. अर्ज फिरत फिरत मोठ्या साहेबांच्या टेबलावर गेला, आणि इतकी वर्षं ज्या चित्राखालून साहेब पान खाऊन चढले-उतरले, ते दुर्मिळ आहे हे कळताच साहेब खडबडून जागे झाले. चित्र उतरवलं गेलं, साहेबांच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात गेलं, कपाटाला कुलूप लागलं. शेजारी पाटी आली: 'अज्ञात कलाकार (दिवंगत). पाठमोरी अज्ञात स्त्री. हात लावू नये.' जिन्यात वाळूच्या बादल्यांवर नुसता एक पांढुरका चौकोन उरला. आणि चित्र पाहायचं असेल तर दर वेळी नवा अर्ज द्यावा, असं सरांना सांगण्यात आलं. करायला गेले गणपती अन् झाला मारुती, ते हे असं.

तरीही सरांनी प्रबंध लिहिला, आणि लिहिला म्हणजे अगदी झपाटून लिहिला. कलाकार मेला, हे त्यांनी तीन प्रकारे सिद्ध केलं. एवढी ताकद असलेल्या हाताची दुसरी एकही कृती कुठे सापडत नाही. जगला असता तर नावारूपाला आल्यावाचून राहिला नसता. म्हणून तो ऐन उमेदीत, बहुधा छातीच्या विकाराने गेला असावा. हे लिहिताना सरांचे डोळे खरोखर भरून आले. स्टुलाचा चौथा पाय या चित्रातही अधांतरी होता, पण त्याला सरांनी लाल पेन लावलं नाही. उलट त्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. हा लटकता पाय म्हणजे चूक नव्हे, त्या काळातल्या अस्थिर जगण्याची ती जाणीवपूर्वक केलेली खूण आहे, असं त्यांनी म्हटलं. मॅडमनी ते प्रकरण वाचून मान वर केली, सरांकडे बराच वेळ पाहिलं आणि सही केली.

प्रबंध बांधून कॉलेजात गेला. एक प्रत घरी आली. तोंडी परीक्षेला आठवडा होता, तेव्हा सरांनी सराव म्हणून ती वहिनींना मोठ्याने वाचून दाखवायला घेतली. वहिनी इस्त्री करत होत्या. याआधीही सर त्या चित्राबद्दल रोज बोलायचे, पण त्यात अवकाश, घनता आणि तोल असले शब्द एवढे असायचे की वहिनी मनातल्या मनात वाणसामानाची यादी करत. आज मात्र स्त्रीच्या वर्णनाचं प्रकरण निघालं. सर वाचत होते, की चित्रातली स्त्री रूपाने सामान्य असावी, अन्यथा कलाकाराने तिचा चेहरा टाळला नसता. खांद्यांच्या ठेवणीवरून स्वभाव हट्टी, क्वचित रागीट. चपलेचा तुटलेला पट्टा पिनेने जोडलेला आहे, त्यावरून ती बहुधा घरकामाला असावी.

इस्त्री थांबली.

वहिनींनी विचारलं, पिन कुठल्या चपलेला आहे. सर म्हणाले, उजव्या. डावा पाय दुमडून घेतलाय का, असं वहिनींनी विचारलं. सरांना फार आनंद झाला, की ही आज लक्ष देऊन ऐकतेय. तेवढ्यात सदऱ्याचा जळका वास आला.

दुसऱ्या दिवशी वहिनींच्या नावाने अर्ज दिला आणि दोघं साहेबांच्या केबिनमध्ये गेली. वहिनी कपाटासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला, आणि मागे उभ्या असलेल्या सरांना त्यांचे खांदे दिसले. सरांची नजर त्या खांद्यांवरून चित्राकडे आणि चित्रावरून परत खांद्यांकडे गेली.

"माझ्या मावशीच्या गच्चीवरचं स्टूल आहे हे," वहिनी म्हणाल्या. "पट्ट्याला पिन मी लावली होती, तुम्ही यायच्या आधी. आणि ही मी. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ते ऐकलं होतं, आज घरात पाहिलं."

सरांना सगळं एकदम आठवलं. लग्न ठरायचं होतं, बोलणी चालू होती, आणि त्यांनी हट्ट धरला होता की मला हिचं चित्र काढायचंय. वहिनींच्या आईने अट घातली होती, की काढायचं तर काढा, पण तोंड नाही काढायचं. उद्या नाही जमलं, तर पोरीचा चेहरा परक्याच्या घरात कशाला. म्हणून पाठ. त्या वर्षी सर दिवसाला ढीगभर चित्रं काढत होते. ते तेव्हा शिकत होते त्या चित्रशाळेचं प्रदर्शन याच इमारतीच्या सभागृहात भरलं होतं, त्यात हे लावलं. मग लग्न झालं, मग शाळेत नोकरी लागली, आणि चित्र परत आणायला कुणी गेलंच नाही.

सरांनी तिथल्या तिथे साहेबांना सांगून टाकलं, की चित्र माझंच आहे आणि मी जिवंत आहे. साहेबांनी फाइल काढली. तज्ज्ञांच्या मते कलाकार दिवंगत आहे, ते म्हणाले, तेव्हा तज्ज्ञांचं नवीन पत्र आणा. सर म्हणाले, तज्ज्ञ मीच. साहेबांनी शांतपणे समजावलं, की मग तर कलाकार तुम्ही असूच शकत नाही. अर्जदारही तुम्ही, तज्ज्ञही तुम्ही आणि मयतही तुम्ही, हे कुठल्याच नियमात बसत नाही. सरांनाही क्षणभर ते पटलं.

घरी मात्र परिस्थिती गंभीर होती. वहिनींचा राग आदळआपटीचा नव्हता. आदळआपट असती तर सरांना बरं वाटलं असतं. त्या सगळं वेळेवर करत, फक्त आपणहून बोलत नसत. टॉवेल कुठे आहे, असं सरांनी विचारलं, तर त्या म्हणाल्या, मला काय माहीत, मी अज्ञात आहे. जेवताना मीठ मागितलं, तर म्हणाल्या, घरकामाच्या बाईला विचारते.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. समोरचे निवृत्त ऑडिटरकाका संध्याकाळी मुद्दाम आले आणि हळू आवाजात म्हणाले, की गप्प बसा. कागदावर जे आहे ते खरं. तुम्ही मेलेले आहात, तर परीक्षा होईपर्यंत मेलेलेच राहा, पदवी हातात पडली की मग काय ते जिवंत व्हा. हिशेब सोपा होता. खरं सांगितलं तर प्रबंध खोटा ठरणार, पदवी जाणार आणि पुढची सगळी वर्षं तो सापळा आहेच. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशींनी वेगळाच सल्ला दिला. त्या म्हणाल्या, बाईला रागीट म्हटलं ते ती विसरेल, सामान्य म्हटलं ते नाही, तेव्हा चांगलंसं लुगडं घ्या आणि पाया पडा. सरांनी साडी आणली. वहिनींनी घडीसुद्धा न मोडता कपाटात ठेवली, आणि सरांना कळेना की नेमकं चुकलं काय. सामान्य हा शब्द खोडला. मग हट्टी खोडला. घरची प्रत लाल रेघांनी भरून गेली, पण कॉलेजातली प्रत होती तशीच होती, आणि वहिनीही.

चित्र कार्यालयाबाहेर नेता येत नव्हतं, म्हणून तोंडी परीक्षाच कार्यालयात ठेवली. केबिनमध्ये साहेब, हेडक्लार्क, मॅडम आणि बाहेरून आलेले एक वयस्कर परीक्षक. सरांना बसायला हेडक्लार्कांनी आपलं स्टूल दिलं. सर घामाघूम. उत्तरं कोण देणार होतं, कलाकार, मास्तर की विद्यार्थी, हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं, आणि तिघेही आयत्या वेळी दारातच अडून बसले होते.

परीक्षकांनी दोन-चार सोपे प्रश्न विचारले. सरांनी बरी उत्तरं दिली. मॅडमच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्यासारखं दिसू लागलं. मग परीक्षक सहज म्हणाले, या स्त्रीबद्दल थोडं सांगा. सरांनी कपाटाकडे पाहिलं. त्या पाटीकडे पाहिलं. अज्ञात स्त्री, हात लावू नये. तेवढ्यात दार ढकलून वहिनी आत आल्या. सर दचकले. पण वहिनी सरांसाठी आल्याच नव्हत्या. त्यांच्या हातात पाण्याची तक्रार होती, कारण नळ अजून कोरडाच होता, आणि खालच्या कारकुनाने त्यांना साहेबांकडे पाठवलं होतं. आत माणसं पाहून त्या भिंतीशी उभ्या राहिल्या.

"ही स्त्री अज्ञात नाही," सर म्हणाले. "ती तिथे उभी आहे. आणि चित्र मी काढलंय."

मॅडमनी कपाळाला हात लावला. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग हा प्रबंध खोटा आहे, असं ते म्हणाले. सर म्हणाले, हो. साहेब लगेच फाइल घेऊन पुढे सरसावले, की तज्ज्ञांच्या पत्राप्रमाणे हे शक्यच नाही. शेवटी मॅडमच म्हणाल्या, की सर काढून दाखवतील. स्टूल आहे, बाईही त्याच आहेत. हात तोच असेल तर कळेल.

कोळसा सरांच्या पिशवीत होता, पोरांच्या वह्यांच्या खाली. हेडक्लार्कांनी स्टूल मधोमध ठेवलं. परीक्षकांनी वहिनींना विनंती केली, की बाई, पाठ करून बसा, म्हणजे तुलना करता येईल. वहिनी स्टुलाजवळ आल्या, डावा पाय दुमडून बसल्या, पण सरांकडे तोंड करून. परीक्षक म्हणाले, अहो, पाठ हवी आहे.

"पाठ काढून झालीये यांची," वहिनी म्हणाल्या. "तेव्हा आईची अट होती, तोंड काढायचं नाही. ठीक होतं. लग्न झाल्यावर कुणी अडवलं होतं, ते मला अजून कळलं नाही. कांदे काढून झाले, नळ काढून झाला, शेजारचं मांजर तर किती वेळा. रोज सकाळी मी त्याच टेबलाशी समोर बसलेली असते."

हेडक्लार्कांनी उगीचच पंखा बंद केला. सरांना कळलं, की साडीने काम का झालं नव्हतं. लाज वाटली, आणि ती अशी वाटली की मान वर करवेना. पण चित्र काढायचं तर मान वर करावीच लागते. त्यांनी वर पाहिलं. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. भुवयांच्या मध्ये एक आठी होती, ती कधी आली ते सरांना माहीत नव्हतं. ओठ घट्ट मिटलेले होते, आणि ते रागाने मिटलेत की रडू येऊ नये म्हणून, हे काढल्याशिवाय कळणार नव्हतं. सर काढू लागले. शेडिंग, शेडिंग, असं पुटपुटलेही नाहीत.

चित्र झालं तेव्हा ते कपाटाशेजारी धरलं. परीक्षक कितीतरी वेळ एकदा याकडे, एकदा त्याकडे बघत होते. इथे पाठ, तिथे चेहरा, तुलना करणार कशाची. मग ते म्हणाले, की तेव्हाची रेघ बेधडक आहे, आताची विचारून विचारून पुढे जाते. तो मुलगा पुढे कुठे गेला, असं त्यांनी विचारलं.

"शाळेत लागला," सर म्हणाले.

"मग ऐन उमेदीत गेला, हे तुमचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही."

यावर बोलल्या त्या वहिनी, स्टुलावरूनच.

"गेले-बिले काही नाहीत. रोज चहा निवेपर्यंत काढत असतात. निवलेला चहा मलाच परत गरम करावा लागतो, मला ठाऊक आहे."

आणि तेव्हाच मॅडमना हसू फुटलं. त्या खूप आवरत होत्या, पण आवरेना. त्यांनी जुन्या चित्रातल्या स्टुलाच्या चौथ्या पायावर बोट ठेवलं आणि मग नव्या चित्रातल्या. दोन्हीकडे तो जमिनीपासून सारखाच वर, अधांतरी लटकत होता. मॅडम म्हणाल्या, की आठवीत याच पायासाठी सरांनी माझे गुण कापले होते, आणि मी तेव्हापासून जगातल्या कुठल्याही चित्रात आधी स्टुलाचा पाय बघते. असा लटकता पाय इतक्या प्रामाणिकपणे दोनदा काढणारा दुसरा माणूस नाही. प्रकरण वाचतानाच मला शंका आली होती, असंही त्या म्हणाल्या, पण सरांना कसं विचारायचं.

परीक्षकांनी वाकून पाहिलं. मग ते खुर्चीत बसले आणि त्यांनी लिहिलं, की कलाकाराच्या मृत्यूचं प्रकरण वगळावं, स्त्रीचं प्रकरण नव्याने लिहावं आणि लटकत्या पायाचं प्रकरण, ते खोटं असलं तरी, आहे तसं ठेवावं, कारण सबंध प्रबंधात तेवढ्याचाच पुरावा भक्कम आहे. या दुरुस्त्या केल्यास पदवी देण्यास हरकत नाही. साहेबांना मात्र दुःख झालं. दिवंगत कलाकाराचं चित्र आणि नळाची तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाचं चित्र यांत फरक असतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. चार दिवसांनी चित्र जिन्यात बादल्यांवर परत गेलं. पाटी तेवढी बदलली. आता ती म्हणते, पाठमोरी, शेडिंगसरांची पत्नी. खाली हात लावू नये हे तसंच आहे, आणि वहिनींना तेच जास्त आवडलं.

नळाला पाणी अजून यायचंच आहे. पण हेडबाईंना पदवीचा कागद मिळाला, सामानखोलीची किल्ली कॉम्प्युटरच्या सरांकडे गेली, आणि शेडिंगसर पुन्हा मडकं आणि स्टूल घेऊन वर्गात उभे राहिले. चौथ्या पायाचे गुण कापायचे की नाही, याबद्दल त्यांचा आता नुसता गोंधळ उडतो. बहुतेक वेळा ते अर्धा गुण देऊन पुढे जातात.

नवं चित्र स्वयंपाकघरात टेबलासमोर लागलं. वहिनींची एकच तक्रार आहे, नाक जरा मोठं झालंय. बाकी त्या चहा ओतताना एकदा तरी तिकडे बघतात. रविवारी ऑडिटरकाका आले, त्यांनी चित्र वरून खाली, डावीकडून उजवीकडे तपासलं, छान आहे म्हणाले, आणि मग सवयीने बोट पुढे केलं, की तो मागचा पाय तेवढा जमिनीला टेकवून घ्या, चूक दिसते. सर लगबगीने कोळसा शोधू लागले.

"राहू द्या हो," वहिनी म्हणाल्या. "त्याच्यावरूनच तर सापडलात."